वाचणाऱ्याचं ताट

‘आणि तो वृद्ध साधू कित्येक वर्षे कुणाशी एक शब्दही बोलला नाही,’ माइकताईने वाचले, आणि पान उलटता उलटता तिची नजर भाताच्या पातेल्याकडे गेली. वाफ निघून चालली होती. आता पाहता पाहता शिते कडक होतील, भाजीवर तेलाची साय धरेल, आणि साधू तर अजून गुहेतच बसलेला होता. त्याला बाहेर यायला दोन पाने होती.

टेबलाच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सासरे. दोघे जेवत होते. नवऱ्याची नजर ताटात रुतलेली. घास चावल्याचाही आवाज होऊ नये, अशा बेताने तो ओठ मिटून खात होता. सासऱ्यांचे तसे नव्हते. त्यांची कवळी घासागणिक टकटक वाजे, आणि घरभर राखलेल्या मौनाला त्या टकटकीने भोके पडत. माइकताईने वाचायची घाई केली, की नवरा नजर न उचलता डाव्या हाताचे एक बोट टेबलावर टेकवी. म्हणजे, सावकाश.

बोट टेकले. ती सावकाश वाचू लागली. पोटात आग आणि तोंडात साधू.

मठात असेच असते, असे नवऱ्याने सांगितले होते. तिथे ब्रदर लोक जेवताना बोलत नाहीत. एकजण काही चांगले वाचतो, बाकीचे ऐकत जेवतात, वाचणारा शेवटी जेवतो. आता घरात वाचायला आवाज कुणाचा चांगला? बसस्थानकाच्या माइकवर वर्षानुवर्षे जिचा आवाज फलाटांवरून फिरला, जिला ड्रायव्हरपासून हमालापर्यंत सगळे माइकताईच म्हणत, तिचा. आणि शेवटी जेवायला तिची ना कशाला असेल? आधीही ती शेवटीच जेवत होती. पूर्वी त्याला कुणी काही म्हणत नव्हते. आता त्याला सेवा म्हणत.

साधू गुहेबाहेर आला. नवऱ्याने हात जोडले, ताट उचलले, बेसिनमध्ये ठेवले आणि कोपऱ्यातल्या चटईवर जाऊन बसला. सासऱ्यांनी हात धुतले. मग माइकताईने ओट्याशी उभ्याने भात खाल्ला. बसायचे कुणासमोर? पातेल्याच्या कडेवर डाव वाजला तसा चटईवरून उच्छ्वास ऐकू आला. रागावलेला नव्हे. क्षमा केल्यासारखा. तिला रागावलेला चालला असता.

राग तिला नवा नव्हता, पण हा राग नवा होता. आधीच्या रागाला निदान भांडायला माणूस मिळायचा.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. हाताने कुशल आणि तोंडाने फाटका. मिठावरून, किल्लीवरून, बंद न केलेल्या दिव्यावरून त्याचा आवाज असा चढायचा की खालच्या मजल्यावरची बाई आपला दिवा बंद करायची. मग एकदा एका रिकाम्या इमारतीत काम करताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि हा आत. दुपारभर अंधारात. आधी तो ओरडला. घसा बसेपर्यंत ओरडला. मग ओरडायचे संपले. बाहेर काढल्यावर घरी येऊन त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, “अगं, मी गप्प झालो ना, तेव्हा शेजारी कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं. मी इतकी वर्षं ओरडतच होतो, त्याला यायला जागाच नव्हती.” आणि तो रडला. लग्नानंतर पहिल्यांदा.

ती संध्याकाळ तिने जपून ठेवली होती. म्हणूनच तर आता त्याला काही बोलायला तिचे तोंड उघडत नव्हते.

पुढे चर्चमध्ये सांगण्यात आले की संसारी माणसांसाठी मठात आठवडाभराचे शिबिर आहे. मठातली साधना घरी कशी आणावी, ते शिकवतील. तो गेला आणि एक पितळी घंटा घेऊन परतला. पहाटे घंटा, दुपारी कामावर मोबाइलमधली घंटा, संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा घंटा. संध्याकाळच्या घंटेपासून दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीपर्यंत मौन. सासरे म्हणाले, “सूनबाई, लिफ्टमध्ये अडकला होता तेव्हा बरा होता. आता सुटला आणि खरा अडकला.”

सुरुवातीला तिला बरे वाटले, खोटे कशाला बोला. घरात ओरडा नाही. दिवा राहिला तर तोच उठून बंद करी. स्तोत्र म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखे काही येई. तीही दोन दिवस त्याच्यामागे चटईवर बसली. पण कुकर लावायचा होता, सासऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे होते, उद्याचा डबा होता. देवाला सगळ्या वेळा माहीत असतात म्हणतात, पण घंटा मात्र नेमकी फोडणी तडतडताना व्हायची. ती उठली ती उठलीच. त्याने काही म्हटले नाही. म्हणायचेच नव्हते ना.

*

स्थानकातल्या तिच्या खोलीला काच होती आणि काचेपलीकडे सगळे फलाट. एवढीशी खोली, खुर्ची, माइक आणि एक खटका. खटका दाबायचा, श्वास घ्यायचा, मग बोलायचे. श्वास आधी घेतला तर तो माइकमधून जात नाही, हे तिला कुणी शिकवले नव्हते. गाडी उशिरा असली तर तिचा आवाज थोडा खाली येई, माफी मागितल्यासारखा. मूल हरवले असले तर ती फार हळू बोले. मोठ्याने पुकारले की हरवलेले मूल आणखी घाबरते आणि बाकाखाली शिरते. हळू बोलले की ते आवाजाच्या दिशेने येते. कितीतरी मुले काचेपाशी येऊन नाक चिकटवून उभी राहिली होती.

त्या आठवड्यात तिथे यंत्र आले. स्थानकप्रमुखाने स्वतः बोलावून ऐकवले. कुणा तरुण मुलीचा आवाज, गुळगुळीत, जिला सर्दी होत नाही, रजा लागत नाही. माइकताई ऐकत राहिली. स्थानकप्रमुख माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला की रविवारपासून यंत्र सुरू होणार, आणि ताईंना सोमवारपासून हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसायचे आहे. तिथे आरामच आहे, बोलायचे कामच नाही.

बोलायचे कामच नाही. हे ऐकल्यावर तिला हसू आले, आणि हसू आले म्हणून राग आला.

काचेच्या खोलीत परत येऊन तिने खटका बंद असल्याची खात्री केली आणि आपल्याशीच गुणगुणली, जशी ती लहानपणी काम करता करता ओळी जुळवायची तशी:

गार भात गार भाजी, वर झाकण मौनाचं
घर झालं मठ बाई, माझं ताट गं कोणाचं

मग खटका दाबला, श्वास घेतला, आणि चौथ्या फलाटावरची गाडी पुकारली.

घरी जाताना तिने वाक्य तयार केले होते. अहो, माझा माइक गेला. एवढेच. तिला सल्ला नको होता, तक्रार अर्ज नको होता, देवाची इच्छा तर मुळीच नको होती. कुणीतरी हातातले काम खाली ठेवून “काय सांगतेस?” म्हणावे, इतके हवे होते. बाकी ती बघून घेणार होती.

तिने दार उघडले तेव्हा तो घंटा जागेवर ठेवत होता. पितळेचा नाद अजून विरला नव्हता. ती म्हणाली, “अहो, आज ना—”

त्याने ओठांवर बोट ठेवले. आणि हसला. गोड, शांत, आजारी माणसाकडे बघून हसतात तसे. तिच्या हातातली पिशवी घेतली, हेही सांगायला हवे. पिशवी घेतली आणि शब्द परत दिला.

दुसऱ्या दिवशी तिची पहिली पाळी. निघताना तो चटईवर डोळे मिटून. ती दारात थांबली, खाकरली. त्याने डोळे न उघडता तळहात वर केला. तिसऱ्या दिवशी तेच. संध्याकाळी तो कामावरून येई तो थेट घंटेलाच. चौथ्या दिवशी तिने दुपारी फोन केला, तर तिकडून त्याच्या कामावरच्या जोडीदाराने सांगितले की मिस्त्री प्रार्थनेला बसलेत, मशिनरूममध्ये, फोन ठेवून. सासऱ्यांना सांगता आले असते. पण त्यांना काही सांगायचे म्हणजे ओरडून सांगावे लागे, आणि आपले दुःख ओरडून सांगायला तिला लाज वाटली. फलाटावर पुकारून झालेच होते की आयुष्यभर.

देवाचा तिला राग नव्हता. उलट कधीकधी वाटे, तो बिचाराही दारात उभा असेल, काही सांगायला आलेला, आणि याने त्यालाही तळहात दाखवला असेल.

*

रविवारी शिबिरातल्या मंडळींनी कुटुंबासह मठात यायचे होते. सूचना अशी की प्रवास शक्यतो मौनात करावा. निघायचे तिच्याच स्थानकातून.

फलाटावर नव्या मुलीचा आवाज घुमत होता. काचेमागची खुर्ची रिकामी होती. माइकताईने मान वळवली नाही, पण मानेमागे गरम झाले. तिने नवऱ्याकडे पाहिले. त्याची नजर स्वतःच्या बुटांवर होती. रस्त्यातही नजर खाली ठेवायची, मन भरकटत नाही, असे तो शिकून आला होता. ज्या आवाजाच्या पगारावर वर्षानुवर्षे त्याच्या घरात भाजी शिजली, तो आवाज आज त्या छताखाली नव्हता, आणि त्याच्या कानाला काही टोचले नाही.

सासरे मात्र कानाला हात लावून म्हणाले, “ही कोण बया गं? तुझ्यापेक्षा खणखणीत आहे. मलासुद्धा ऐकू आली.”

“नवी आहे,” ती म्हणाली. नवऱ्याने हलकेच बोट वर केले. गाडी लागली.

मठात झाडून सगळे स्वच्छ होते आणि थंड होते. मंडळी प्रार्थनाघरात बसली. सासरे पंख्याखाली बसल्या बसल्या पेंगले. माइकताईला बसवेना. सवयीचे पाय तिला मागच्या बाजूला घेऊन गेले, जिथून कांद्याचा वास येत होता.

स्वयंपाकघरात एक टकला, जाडसर माणूस बाह्या सरसावून कांदे चिरत होता आणि दंडाने डोळे पुसत होता. बाजूला दोन तरुण ब्रदर भांडी घासत होते. तिने पदर खोचला, दुसरी सुरी उचलली आणि कांदा घेतला. जरा वेळाने, आतला कढ आवरेना तेव्हा, म्हणाली की बरे आहे, तिकडे थोर लोक देवाशी बोलणार आणि इकडे तुमच्यासारख्यांच्या डोळ्यांतून पाणी.

“थोर म्हणजे मी असायला हवा,” तो माणूस म्हणाला. “मी इथला प्रमुख. या आठवड्यात चूल माझी.”

तिची सुरी थांबली.

“सगळ्यांची पाळी येते,” तो म्हणाला. “आजारी सोडून. माझ्या आठवड्यात मिठाचा अंदाज चुकतो, त्यामुळे सगळे जरा जास्त मनापासून प्रार्थना करतात.” भांडी घासणारे दोघे पाठमोरेच हसले.

मग तिने विचारले. विचारताना आवाज खाली आला, हरवलेले मूल पुकारताना येई तसा. जेवताना जो वाचतो, तो गार जेवतो का?

त्याने सुरी ठेवली, हात पुसले आणि शेगडीच्या मागच्या बाजूला, जिथे ऊब राहते, तिथे झाकून ठेवलेले एक ताट दाखवले. “हे वाचणाऱ्याचं ताट. सगळ्यात आधी वाढतो. त्याला वाचण्याआधी दोन घास आणि काहीतरी प्यायला देतो, घसा सुकू नये म्हणून. नंतर तो आमच्याबरोबर जेवतो, चुलीवरच्यांबरोबर. एकटं कुणी जेवायचं नाही.”

“आणि वाचतो कोण?”

“ज्याचा आठवडा असेल तो.”

“आणि मौनात कुणाला काही सांगायचंच झालं तर?”

“मग सांगायचं,” तो म्हणाला. “मौन मोडतं. मोडलं तर मोडलं, उद्या परत धरता येतं. काचेचं थोडंच आहे ते?”

तिने विचारले की हे सगळे आमच्या यांना, त्या लिफ्टवाल्यांना, शिकवले नव्हते का.

प्रमुखाला तो आठवला. चांगला माणूस, म्हणाला, फार मनापासून करणारा. “शिकवायचं काय त्यात? आठवडाभर रोज डोळ्यांसमोर होतं. मीच वाढायचो त्यांना. पण ते नजर वर करत नसत. इतकी खाली नजर आमच्या ब्रदरांचीही नसते.” हे तो कौतुकाने सांगायला लागला होता, पण तिच्या तोंडाकडे बघून वाक्याच्या शेवटी त्याचा आवाज बसला.

म्हणजे एवढेच झाले होते. नवऱ्याने ताट पाहिले होते. ताट आणणारा हात पाहिला नव्हता. घंटा ऐकली होती. घंटेचा दोर ओढणाऱ्याचे खांदे पाहिले नव्हते. आणि जेवढे ताटापुरते दिसले, तेवढे घरी घेऊन आला होता. तिथे सगळ्यांच्या पाठीवर फिरणारे ओझे, इथे एकटीच्या पाठीवर आणून ठेवले आणि वर त्याला देवाचे नाव दिले. खोटारडा असता तर तिला सोपे गेले असते. तो खोटारडा नव्हता. आठवडाभर देवाच्या घरी राहून आला होता आणि तिथेही पाहुण्यासारखा जेवून आला होता, जसा स्वतःच्या घरी जेवत आला तसा.

निघताना प्रमुखाने तिला दोन घास खायला लावले, उभ्याने नव्हे, स्टूल पुढे करून. भाजीत मीठ खरेच जास्त होते. तिने सगळी खाल्ली.

परतीच्या गाडीत ती एक शब्द बोलली नाही. तोंड उघडले असते तर गाडी थांबवावी लागली असती. घराच्या पायऱ्या चढताना, घंटेला अजून अवकाश होता तेव्हा, नवरा प्रसन्न होऊन म्हणाला, “बघितलंस, आज तूही किती शांत होतीस. हळूहळू तुझ्यातही उतरतंय.”

तिने जिन्याचा कठडा धरला. लाकूड होते म्हणून टिकले.

*

संध्याकाळची घंटा झाली. भात झाला, भाजी झाली. तिने तिघांची ताटे मांडली. नवऱ्याला आणि सासऱ्यांना वाढले. तिसरे ताट रिकामे ठेवून भाताचे पातेले ओट्यावर न ठेवता टेबलावरच आणले, झाकण घालून. नवऱ्याची नजर खाली होती. त्याला दिसले नाही.

ती पुस्तक घेऊन उभी राहिली. साधूची पुढची गोष्ट होती. त्याच्याकडे दूरदेशीचा राजा आला, राजाने प्रश्न विचारला, साधू गप्प राहिला. तिने परिच्छेद संपवला. श्वास घेतला, आवाज न होता, जसा खटका दाबल्यावर घेत असे. नजर पानावरच ठेवली.

“‘आणि त्याच काळी,’” तिने त्याच लयीत वाचले, “‘एका बसस्थानकात एक बाई होती. तिचं काम बोलण्याचं होतं. लोक तिच्या आवाजाने गाड्या पकडत आणि हरवलेली मुलं तिच्या आवाजाने सापडत. मग तिथे एक यंत्र आलं—’”

बोट टेकले. सावकाश.

क्षणभर तिच्या डोळ्यांपुढची अक्षरे पांगली. मग ती सावकाश वाचू लागली.

“‘आणि त्या बाईला सांगण्यात आलं, की उद्यापासून तू हरवलेल्या सामानाच्या खोलीत बस. ती हे घरी सांगायला आली, तेव्हा घंटा झाली होती. दुसऱ्या दिवशी सांगायला थांबली, तेव्हा प्रार्थना चालली होती. तिच्या घरात एक फार धार्मिक माणूस राहत होता. तो इतका धार्मिक होता, की त्याला कुणाला काही विचारावं लागत नसे.’”

सासऱ्यांची कवळी थांबली. “ही कुठली गं साध्वी?” त्यांनी मोठ्याने विचारले.

“इथलीच, मामंजी.”

त्या उत्तराला लय नव्हती. ते पुस्तकातले नव्हते. नवऱ्याचा घास ताट आणि तोंड यांच्या मध्येच राहिला, दोन मजल्यांच्या मध्ये राहावा तसा. मग कित्येक दिवसांनी त्याची नजर वर आली. आधी पुस्तकावर, मग तिच्या हातांवर, मग तोंडावर. झाकलेल्या पातेल्यावर. रिकाम्या ताटावर. आज फलाटावर ऐकलेला आवाज त्याला आता, घरी बसून, ऐकू आला असावा, कारण त्याच्या चेहऱ्याचा रंग बदलला.

“काय सांगतेस?” तो म्हणाला.

तेच शब्द. जसे तिने मनात ऐकले होते अगदी तसे, हातातला घास खाली ठेवून म्हटलेले. आठवडाभर ती या दोन शब्दांसाठी जिना चढली होती. आता ते समोर आले तर तिला आढळले की ठेवायला तिच्याकडे जागा उरली नाही.

“घंटा झालीय,” ती म्हणाली.

तिने उघडे पुस्तक त्याच्या हातात दिले, आपली खुर्ची ओढली आणि बसली.

“अगं, पण ऐक तरी. मला माहीतच—”

तिने एक बोट टेबलावर टेकवले. हलकेच. मग म्हणाली, “उभं राहून वाचतात. मठात जाऊन आलेय मी. आणि मोठ्याने वाचा, मामंजींना ऐकू आलं पाहिजे.”

तो उभा राहिला. चष्मा दुसऱ्या खोलीत होता. आणायला गेला नाही, की सुचले नाही. पुस्तक लांब धरून त्याने सुरुवात केली. राजाशी अडखळला. साधूशी अडखळला. श्वास चुकीच्या जागी घेई आणि शब्द मध्येच तुटे. एकदा त्याचा आवाज ओला होऊन थांबला. तिने मान वर केली नाही. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला. सासरे मान हलवत ऐकू लागले आणि त्यांची कवळी पुन्हा वाजू लागली.

माइकताईने पातेल्याचे झाकण काढले. वाफ एकदम तोंडावर आली आणि तिने ती येऊ दिली. भात वाढून घेतला. त्यावर भाजी. पहिला घास इतका गरम होता की जीभ पोळली. तिने तो तसाच तोंडात धरला, मग सावकाश चावला. उद्या सकाळी तिला छत्र्या, डबे, एकेकटे बूट आणि कुणी न्यायला न आलेल्या पिशव्या यांच्यामध्ये बसायचे होते. तिथे मात्र ती सगळ्यांशी बोलणार होती. एका एका छत्रीशी.

तिने दुसऱ्यांदा भात घेतला.

समोर त्याचे अर्धे ताट उघडे पडले होते. त्यावरची वाफ आधी पातळ झाली, मग दिसेनाशी झाली. पातेल्याचे झाकण तिच्या हाताशी होते. आत जमलेले पाण्याचे थेंब त्याच्या कडेवरून एकेक करून टेबलावर उतरत होते. तिचा हात जुन्या सवयीने झाकणापर्यंत गेला, थोडा वेळ त्याच्यावर राहिला. झाकण अजून गरम होते.

मग तिने हात परत घेतला आणि जेवू लागली.